शौर्य, बाजू आणि हात

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. आमच्या मुरुम गावातही होते. १९४८ साली निजामाचे राज्य संपले आणि हैदराबाद संस्थान भारतात आले, त्याचा हा दिवस. त्या झेंड्याला आम्ही मनापासून सलाम करतो, त्यात कसली कसर ठेवत नाही. पण भाषणे सुरू झाली की एक अवघड जागा येते. निजामाचा शिपाई, निजामाचा पोलीस, रझाकार आणि गावातला साधा मुसलमान हे चौघे एकाच शब्दात कोंबले जातात. शाळेतून घरी आलेले पोर मग विचारते, ‘आपले दादा कुणाच्या बाजूने होते?’ घरातली वडीलधारी मंडळी तेवढ्यात दुसराच विषय काढतात.

हा प्रश्न टाळण्याची आमची सवय पाऊणशे वर्षांची आहे. पण तो एकट्या मराठवाड्याचा नाही. हरलेल्या बाजूच्या फौजेत ज्यांचे कुणी ना कुणी होते, अशा जगातल्या प्रत्येक घरात तो असतो. माणूस शूर होता, हुकमाचा पक्का होता, कदाचित त्याच्या छातीवर पदकही होते. पण ज्या राज्यासाठी तो लढला ते राज्य अन्यायाचे होते. मग त्याच्या शौर्याचे आपण काय करायचे? अभिमान बाळगायचा, लाज बाळगायची, की त्याचे नावच घ्यायचे नाही?

आपल्या घरातल्या माणसाविषयी थंड डोक्याने विचार करणे कठीण असते. म्हणून आधी लांबचे उदाहरण घेऊ. लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश. १९४० साली सोव्हिएत रशियाने तो गिळला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या हजारो माणसांना बायकामुलांसह सैबेरियाकडे धाडले. १९४१ च्या उन्हाळ्यात रशियन गेले आणि जर्मन आले. १९४३ साली हिटलरच्या हुकमाने ‘लॅटव्हियन लीजन’ उभे राहिले. नाव स्वयंसेवकांचे होते, पण त्यातल्या बहुतेक तरुणांना भरतीचे हुकूम काढून नेलेले होते. आपण आपला देश रशियापासून वाचवतो आहोत, अशी त्यांच्यातल्या अनेकांची भावना होती. अंगावरचा गणवेश मात्र हिटलरच्या वाफेन एस.एस.चा होता.

या दलातल्या व्होल्डेमार्स वाइस या अधिकाऱ्याला फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘नाइट्स क्रॉस’ हे जर्मनीचे मोठे पदक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला लॅटव्हियन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो आघाडीवर झालेल्या जखमांनी मरण पावला. त्याच्या धाडसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १९४१ साली जर्मनांनी रीगा शहरात आपल्या हाताखाली जे सहायक पोलीस दल उभारले, त्याचा प्रमुख हाच वाइस होता. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला आणि ८ डिसेंबरला, दोन दिवसांत, रीगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात सुमारे २५ हजार ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या झाडणारे जर्मन होते. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना वस्तीतून हाकत नेणाऱ्यांत व पहारा देणाऱ्यांत लॅटव्हियन पोलीसही होते. पदक १९४४ सालच्या लढाईबद्दल होते, त्यात १९४१ सालाचा हिशेब नव्हता. आजही १६ मार्चला रीगात या लीजनच्या आठवणीसाठी लोक फुले घेऊन निघतात, आणि त्यांचा निषेध करायलाही लोक उभे राहतात. दोघांच्याही तोंडी देशप्रेमाचीच भाषा असते.

हे युरोपातले झाले, असे म्हणून आम्हाला सुटता येत नाही. जर्मन गणवेश हिंदी माणसांनीही घातला होता. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढताना जे हिंदी शिपाई कैद झाले, त्यांच्यातून सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत ‘आझाद हिंद’ दल उभे केले. संख्या तीन हजारांच्या आसपास. त्यांनी घेतलेल्या शपथेत हिटलरचेही नाव होते आणि सुभाषबाबूंचेही. कुणी देशासाठी आला, कुणी कैदेतल्या उपासमारीला कंटाळून, कुणी सोबती गेला म्हणून. या दलासाठी कैद्यांच्या छावण्यांत फिरणाऱ्यांत हैदराबादचे आबिद हसन होते. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला हा तरुण सुभाषबाबूंचा चिटणीस झाला. ‘जय हिंद’ ही घोषणा त्यांनी सुचवली असे मानले जाते. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून सुभाषबाबू पूर्वेकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा एकच हिंदी माणूस होता. मुरुम त्या वेळी ज्या संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या राजधानीतला. स्वातंत्र्यानंतर तो भारताचा राजदूत झाला. आम्ही त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि घेत राहू.

पण या दलाची गोष्ट पाणबुडीपाशी संपत नाही. मागे राहिलेल्या शिपायांना जर्मनांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला ठेवले. ऑगस्ट १९४४ मध्ये हे दल वाफेन एस.एस.च्या ताब्यात गेले. फ्रान्समधून माघार घेताना त्यातल्या काहींवर गावकऱ्यांची लूट आणि बायकांवर अत्याचार केल्याचे आरोप झाले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची शपथ घेतलेला शिपाई फ्रान्सच्या एखाद्या खेड्यातल्या बाईसमोर बंदूक घेऊन उभा राहिला असेल, तर त्या क्षणी तो कुणाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होता? आपल्या आदराच्या माणसांची गोष्ट सांगतानाही हा प्रश्न गिळता येत नाही.

आता समोरची बाजू पाहू. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इंग्रजांच्या मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे पडले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी मोडले, आणि तिथेच गोळ्या लागून शहीद झाले. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. जर्मनीकडून लढणाऱ्या आझाद हिंद दलाची एक तुकडीही त्या वर्षी इटलीतच धाडण्यात आली होती. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, हिंदी माणूस दोन्ही बाजूंना होता. एकाला पदक देणारा इंग्रज राजा त्याच्याच मायभूमीवर राज्य करत होता. दुसऱ्याच्या हाती बंदूक देणारा हिटलर लक्षावधी निरपराधांना मारत होता. स्वतंत्र भारताने माणगावात घाडग्यांचा पुतळा उभारला आणि आझाद हिंदवाल्यांना स्वातंत्र्यसैनिक मानले. आम्हाला दोन्ही गोष्टी योग्य वाटतात. पण त्या एकाच वेळी योग्य कशा, हे सांगायला नुसती ‘बाजू’ पुरत नाही. बाजू हीच एकमेव कसोटी धरली, तर या दोघांतल्या एकाला तरी खाली उतरवावे लागेल.

मग दुसरी कसोटी कुठली? योगायोग असा की ती इंग्रज सरकारनेच, तीही नाइलाजाने, वापरली. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबख्शसिंग धिल्लन या तिघांवर लष्करी खटला सुरू झाला. मुख्य आरोप राजाविरुद्ध युद्ध केल्याचा. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पारतंत्र्यातल्या प्रजेलाही युद्ध करण्याचा हक्क आहे, अशी मांडणी भुलाभाई देसाई यांनी केली. कोर्टाने तिघांना दोषी ठरवले. पण देशभर उसळलेला संताप पाहून सरसेनापती ऑचिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेप माफ केली. पुढचे खटले फक्त क्रौर्याच्या आरोपांपुरते चालवायचे, असे धोरण सरकारने धरले. कुणाची शपथ मोडली हा प्रश्न मागे पडला. आपल्या ताब्यातल्या माणसाला कसे वागवले, हा प्रश्न पुढे आला.

त्यातून कॅप्टन अब्दुल रशीद यांच्यावर खटला झाला. सेनेत यायला नकार देणाऱ्या हिंदी कैद्यांना छळल्याचा आरोप होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि कलकत्ता पेटले. काँग्रेसचे, लीगचे, कम्युनिस्टांचे झेंडे एकाच मिरवणुकीत दिसले. ते ऐक्य आज आठवले तरी ऊर भरून येतो. पण एक गोष्ट आम्हाला टोचते. आधीच्या तिघांना माफी आणि रशीदला शिक्षा, हा पक्षपात होत असल्याची भावना त्या रागात होती. ती भावना आम्ही समजू शकतो. मात्र ज्या हिंदी शिपायांना मारहाण झाल्याचे सांगितले जात होते, त्यांची चौकशी त्या गर्दीत फारशी कुणी केली नाही. ‘आपला’ म्हटले की आपण त्याच्या हाताखाली कोण होते ते पाहायचे विसरतो. हा रोग कुण्या एका जमातीचा नाही. पण आमच्यापुरते बोलायचे तर आम्ही आमच्याच जमातीविषयी बोलले पाहिजे.

आता आमच्या रस्त्यावर येऊ. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, मुरुम मोड, उमरगा ही गावे एका ओळीत लागतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून याच रस्त्याने आत आले. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी हाती आला आणि फौज उमरग्यापर्यंत पोचली. निजामाच्या नियमित फौजेतल्या काहींनी लढत दिली, काहींनी हत्यारे टाकली. मेलेल्या हैदराबादी सैनिकांचा आकडा आठशेच्या आसपास सांगतात. ती माणसे कुणासाठी मेली? पगारासाठी, मिठाला जागण्यासाठी, ‘आला हजरत’ या नावासाठी. त्यांचे राज्य जनतेच्या इच्छेविरुद्ध टिकून होते, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण नळदुर्गच्या तटावर समोरासमोर लढून पडलेल्या शिपायाला आणि खेड्यात शिरून जाळपोळ करणाऱ्या रझाकाराला एका तराजूत घालणे हा न्याय नव्हे.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी आमच्याच भागातला, लातूरचा वकील. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. त्याच्या माणसांनी काय केले ते लपवण्याचे आम्हाला कारण नाही. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात शेकडो रझाकार घुसले आणि दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली, असे सांगितले जाते. ते गाव आमच्यापासून लांब नाही. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रात्री घरी परतताना गाठून ठार मारले गेले. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. लिहिणारा हातही तोडला. शोएबुल्ला खानांच्या अंगावर गणवेश नव्हता आणि छातीवर पदक नव्हते. संस्थानातल्या मुसलमानांत त्या वर्षी सर्वांत मोठे धैर्य कुणी दाखवले असे विचारले, तर आम्ही हेच नाव घेऊ. स्वतःच्या जमातीच्या गर्दीसमोर एकट्याने उभे राहायला जी छाती लागते, तिच्यासाठी कुठल्याही राज्याने पदक पाडलेले नाही.

लढाई पाच दिवसांत संपली. हैदराबादचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी १८ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. दोन सेनापती सभ्यतेने भेटले. सेनापतींची लढाई अशी संपते. खेड्यांची तशी संपली नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. मरणारे बहुतेक मुसलमान होते आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात बंदूक धरलेली नव्हती. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद आहे. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस लुटीत सामील झाले, काही ठिकाणी त्यांनीच लोकांना वाचवले, हेही त्यात आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. म्हणजे न्यायाच्या बाजूचा गणवेश घातला की माणूस आपोआप न्यायी होतो, असेही नाही.

आमच्या परंपरेत या प्रश्नावर पूर्वीच विचार झालेला आहे. उहुदच्या लढाईत कुझमान नावाचा माणूस असा लढला की सगळे थक्क झाले. पैगंबरसाहेबांनी मात्र तो नरकात जाईल असे म्हटले होते. लोकांना नवल वाटले. जखमी अवस्थेत त्याला शाबासकी दिली, तेव्हा त्याने स्वतःच सांगितले की तो फक्त आपल्या कबिल्याच्या नावासाठी लढला. वेदना सोसवेना तेव्हा त्याने आपला जीव घेतला. बाजू योग्य, शौर्य अस्सल, तरीही हिशेब चुकलेला. दुसरी शिकवण अशी की भावाला मदत करा, तो पीडित असो वा जुलमी. साथीदारांनी विचारले, जुलमी असेल तर मदत कशी करायची? उत्तर मिळाले, त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत. हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ‘आपला माणूस’ ही सबब पुढे करता येत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. कुणी म्हणेल, हातांचा हिशेब ठीक आहे, पण शौर्य काही हवेत नसते. लॅटव्हियन शिपाई आघाडीवर जितके दिवस टिकून राहिला, तितके दिवस त्याच्यामागे छळछावण्या चालू राहिल्या. निजामाचा शिपाई नळदुर्गला जितका वेळ लढला, तितका वेळ रझाकारांना खेड्यांत मोकळे रान मिळाले. मग त्याचे हात स्वच्छ कसे? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. अन्यायाच्या राज्याला मिळालेले प्रत्येक शौर्य त्या अन्यायाचे आयुष्य वाढवते. म्हणूनच अशा शौर्याला चौकात पुतळा असू नये. पण दोष मोजताना माप एकच ठेवता येणार नाही. जबरीने नेलेला आणि आपणहून गेलेला, हुकूम सोडणारा आणि हुकूम पाळणारा, सगळे ठाऊक असलेला आणि काहीच ठाऊक नसलेला, ज्याला दुसरा रस्ता होता तो आणि ज्याला नव्हता तो, यांच्यात फरक करावाच लागेल. कोरडवाहू गावातला पोरगा दोन वेळच्या भाकरीसाठी पलटणीत शिरतो, आणि अधिकारी नकाशावर बोट ठेवून गाव निवडतो. दोघांची जबाबदारी सारखी नाही.

आम्हाला आठवण आणि गौरव यांत फरक करायचा आहे. आठवण घराची असते. आजोबांचा गणवेशातला फोटो भिंतीवर असायला हरकत नाही. तो उतरवून पेटीच्या तळाशी दडवल्याने घर अधिक देशभक्त होत नाही. गौरव मात्र चौकाचा असतो, आणि चौकात उत्तरे द्यावी लागतात. तिथे नाव लावायचे तर त्या माणसाने निःशस्त्रांशी काय केले हे आधी सांगितले पाहिजे. हाच नियम कलंकालाही लागू आहे. एखाद्याला चौकात ‘रझाकाराची औलाद’ म्हणायचे, तर त्याच्या आजोबाने नेमके काय केले ते बोलणाऱ्याने सांगितले पाहिजे. आणि त्याने काही केले असले, तरी नातवाने काय केले? पुरावा न पाहता दिलेले पदक आणि पुरावा न पाहता दिलेली शिवी, दोन्हींत माणसाच्या जागी त्याची जमात मोजली जाते.

आम्हाला माफी मागून मिळवलेली जागा नको आहे, आणि खोटा इतिहास सांगून मिळवलेलीही नको आहे. त्यासाठी आमच्याकडे एक काम आहे आणि ते तातडीचे आहे. १९४८ पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यापाशी बसून विचारले पाहिजे. दादा कुठल्या खात्यात होते? बंदूक होती का? ती कुणावर चालली? कुणाला घरात लपवले का? कुणाला वाचवता आले असते आणि वाचवले नाही का? आपल्याला कुणी लपवले, त्या घराचे नाव काय? उत्तरे गोड असतील असे नाही. काही घरांत मान खाली घालावी लागेल, काही घरांत ती उगीचच खाली घातली होती असे कळेल.

शाळेतून आलेल्या पोराला मग उत्तर देता येईल: ‘दादा निजामाच्या फौजेत होते. ते राज्य टिकायला नको होते, ते गेले ते बरे झाले. दादा शूर होते का, हे आम्हाला लोकांनी सांगितले. त्यांनी कुणा निःशस्त्रावर हात उचलला का, हे आम्ही स्वतः शोधले.’ आणि जे सापडले असेल, ते त्याला सांगायचे.